दुसऱ्या श्रेणीची एक स्पर्धा : अमेलिया आयलंड, १९८० ते २०१०



आजचा विषय टेनिसचा आहे, आणि तोही विम्बल्डनचा नाही. विषय जाहीर झाल्यावर आम्हाला दोन-तीन जणांनी विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाने हे कुठून काढलं? उत्तर सरळ आहे. संस्था स्थापन कशा होतात यावर आपल्याकडे उदंड बोललं जातं. रौप्यमहोत्सव होतात, स्मरणिका निघतात. संस्था संपते कशी, यावर मात्र कोणी व्याख्यान ठेवत नाही. ते पाहायचं असेल तर एखादं छोटं, पूर्ण झालेलं आयुष्य हाती घ्यावं. या स्पर्धेचं आयुष्य एकतीस मोसमांचं आहे आणि त्यातला शेवट स्वच्छ दिसतो, म्हणून ती निवडली.

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याच्या अगदी ईशान्य कोपऱ्यात, जॅक्सनविल शहराच्या उत्तरेला, अमेलिया आयलंड नावाचं एक चिंचोळं बेट आहे. तिथे १९८० साली महिला व्यावसायिक टेनिसची एक स्पर्धा सुरू झाली. दर वर्षी एप्रिलमध्ये, मातीच्या कोर्टवर. पहिलं विजेतेपद मार्टिना नवरातिलोवाचं. स्पर्धेचं सुरुवातीचं नाव डब्ल्यूटीए चॅम्पियनशिप्स. डब्ल्यूटीए म्हणजे बिली जीन किंग यांच्या पुढाकाराने १९७३ साली लंडनमध्ये स्थापन झालेली महिला खेळाडूंची संघटना. पुढे मोसमाच्या अखेरीला होणाऱ्या स्पर्धेला हेच नाव मिळालं, त्या दोन्हींत घोटाळा करू नये. १९८१ आणि ८२ साली नावाच्या पुढे ‘मुरजानी’ असा शब्द लागलेला दिसतो. आपल्या कानाला ओळखीचं वाटतं ना? बरोबर आहे. हाँगकाँगमध्ये व्यवसाय करणारं हे मुरजानी कुटुंब भारतीय वंशाचं, आणि ग्लोरिया व्हँडरबिल्ट नावाच्या जीन्स अमेरिकेत घराघरांत पोचवल्या त्या त्यांच्याच कंपनीने. पुढे लिप्टन आला. मग १९८७ पासून २००८ पर्यंत, दोन दशकांहून जास्त काळ, चष्म्या-लेन्सवाली बॉश अँड लॉम्ब ही कंपनी प्रायोजक राहिली. स्पर्धेला लोक तिच्याच नावाने ओळखत.

आता मातीबद्दल थोडं, कारण मातीचं कोर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पॅरिसची लाल माती येते. आपल्या इकडच्या जुन्या जिमखान्यांत ज्यांनी टेनिस खेळलंय त्यांना मुरूम आणि शेणमातीने सारवलेलं कोर्ट आठवेल. अमेलिया आयलंडची माती या दोन्हींपेक्षा वेगळी होती. ती हिरवट-करडी. पॅरिसला विटांची भुकटी असते. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या डोंगरातला बेसॉल्टच्या जातीचा दगड दळून त्याची भुकटी पसरतात. तिचं व्यापारी नाव हार-ट्रू. लाल मातीपेक्षा ही जरा टणक, चेंडू तिच्यावरून थोडा लवकर निघतो. तरीसुद्धा माती ती मातीच. घसरत जाऊन फटका मारता येतो, चेंडूचा ठसा उमटतो, आणि सिमेंटवर जो फटका थेट गुण मिळवून देतो तो इथे परत येतो.

ही हिरवी माती एके काळी अमेरिकन टेनिसच्या मध्यभागी होती, हे आज विसरलं गेलंय. १९७५ ते १९७७ अशी तीन वर्षं यूएस ओपन फॉरेस्ट हिल्सला याच मातीवर खेळली गेली, आणि महिला एकेरी तिन्ही वर्षं ख्रिस एव्हर्टने जिंकली. ती लहानपणापासून फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलला, वडिलांच्या हाताखाली, याच मातीवर शिकलेली. १९७३ ते १९७९ या काळात ती मातीवर लागोपाठ १२५ सामने जिंकली. पण १९७८ला यूएस ओपन सिमेंटच्या कोर्टवर गेली आणि हिरवी माती मुख्य रस्त्यावरून गल्लीत आली. अमेलिया आयलंडची स्पर्धा सुरू झाली ती नेमकी यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे जन्माच्या वेळीच ती ज्या जमिनीवर उभी होती तिचं राज्य गेलेलं होतं. हे लक्षात ठेवा.

बरं, मग ती त्या बेटावर का? तिथे ना मोठं शहर, ना टेनिसची परंपरा. हा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे थोडं थांबू.

बेटाच्या दक्षिणेकडची मोठी जमीन युनियन कार्बाइडच्या मालकीची होती. हो, तीच कंपनी, भोपाळमुळे आपल्याला नको तितकी परिचित झालेली. तिथल्या वाळूतून टायटॅनियमची खनिजं खरवडून काढायचा तिचा बेत होता. तो झाला असता तर आजचं व्याख्यानच नसतं. १९७०च्या सुमारास ही जमीन चार्ल्स फ्रेझर या विकासकाने घेतली. फ्रेझर म्हणजे साउथ कॅरोलायनातल्या हिल्टन हेड बेटावर सी पाइन्स ही वसाहत उभी करणारा माणूस. झाडं शक्यतो तोडायची नाहीत, घरं झाडीत लपवायची, आणि गोल्फ-टेनिसच्या आधारावर ती घरं विकायची, ही त्याची पद्धत. सी पाइन्समध्ये १९७३ साली फॅमिली सर्कल कप ही महिलांची स्पर्धा सुरू झाली. एक लाख डॉलरची एकूण बक्षिसं, महिलांच्या टेनिसमध्ये तोवर न ऐकलेली रक्कम. पहिल्या वर्षीची विजेती रोझी कॅसल्स ३० हजार डॉलर घेऊन गेली. आणि सामने टीव्हीवर दिसले. एप्रिलमध्ये उत्तर अमेरिकेत अजून गारठा असतो. अशा वेळी दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला पडद्यावर ऊन, समुद्र, शेवाळाच्या झिपऱ्या लोंबणारे प्रचंड ओक वृक्ष आणि त्यांच्या सावलीत टेनिस दिसलं, की त्याला घराची जाहिरात वेगळी दाखवावी लागत नाही.

अमेलिया आयलंड प्लँटेशन हा फ्रेझरने आखलेला त्याच घराण्यातला दुसरा मुलगा. वसाहत पुढे दुसऱ्या मालकांकडे गेली, पण पद्धत तीच राहिली, आणि १९८०ला तिथेही स्पर्धा आली. एप्रिलमध्ये एक आठवडा हिल्टन हेड, पुढचा आठवडा अमेलिया आयलंड, अशी जोडयात्रा बसली.

आपल्याकडच्या कुस्तीच्या फडाशी तुलना करून पाहा. गावच्या जत्रेतला फड कोणाचा असतो? वर्गणी गावाची, पंच गावाचे, तिथी देवाची. एखाद्या वर्षी मोठा देणगीदार हटला तरी फड लहान होतो, बंद पडत नाही. अमेलिया आयलंडचा फड हा वाड्याच्या अंगणातला फड होता. वाडा चांगला होता, अंगण सुरेख होतं, मालक हौशी होते. पण तिथी देवाची नव्हती आणि वर्गणी गावाची नव्हती.

त्या अंगणात खेळ मात्र काय झाला! दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा म्हणून जे नाक मुरडतात त्यांच्यासाठी तीन-चार सामने सांगतो.

१९८१चा अंतिम सामना. ख्रिस एव्हर्टने नवरातिलोवाला ६-०, ६-० असं हरवलं. ध्यानात घ्या, समोरची खेळाडू दोनदा विम्बल्डन जिंकलेली होती. तिला पूर्ण सामन्यात एक गेम घेता आला नाही. त्याच सुमारास नवरातिलोवाची बास्केटबॉलपटू नॅन्सी लिबरमनशी मैत्री झाली, आणि लिबरमनने तिला अक्षरशः कामाला लावलं : धावणं, वजनं उचलणं, खाण्यापिण्याची शिस्त. महिला टेनिसमध्ये शरीर घडवण्याचा आज जो रिवाज आहे, त्याची मोठी सुरुवात तिथली. आता १९८४ला या. तीच स्पर्धा, तीच हिरवी माती, एव्हर्टची आवडती. अंतिम सामन्यात नवरातिलोवा ६-२, ६-० अशी जिंकली. या दोघी एकमेकींशी एकूण ८० सामने खेळल्या, ४३-३७ असा हिशेब नवरातिलोवाच्या बाजूने संपला. तो तराजू कसा कलला हे कोणाला दोन चित्रांत दाखवायचं असेल, तर आम्ही विम्बल्डनला नेणार नाही, अमेलिया आयलंडची ही दोन वर्षं दाखवू.

स्टेफी ग्राफचं पाहा. १९८६च्या एप्रिलमध्ये हिल्टन हेडला तिने आयुष्यातलं पहिलं व्यावसायिक विजेतेपद मिळवलं आणि लगेच पुढच्या आठवड्यात इथे दुसरं. तीन वर्षांनी, १९८९ साली, हीच ग्राफ अख्ख्या वर्षात फक्त दोन सामने हरली. एक फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत अरांता सांचेझ व्हिकारिओकडून. तो सर्वांना माहीत असतो. दुसरा इथे, अमेलिया आयलंडला, गॅब्रिएला साबातिनीकडून, पहिला सेट घेतल्यानंतर. साबातिनीसाठी ही स्पर्धा म्हणजे माहेरच म्हणा ना. १९८८ ते १९९५ या आठ वर्षांत ती सात वेळा इथे अंतिम फेरीत आली, त्यातल्या तीन वेळा जिंकली, आणि तिन्ही वेळा ग्राफला हरवून. ज्या खेळाडूच्या नावावर एकेरीचं एकच ग्रँड स्लॅम आहे तिची उंची मोजायची असेल तर मोजपट्टी अशाच ठिकाणी सापडते.

आणि १९८५. झिना गॅरिसन ही ह्यूस्टनच्या सार्वजनिक बागेतल्या कोर्टवर वाढलेली कृष्णवर्णीय मुलगी. तिने अंतिम सामन्यात एव्हर्टला हरवलं. एव्हर्टच्या खात्यात तोवर पाच फ्रेंच विजेतेपदं होती, सहावं दोनच महिन्यांनी यायचं होतं.

या सामन्यापाशी आम्हाला जरा कुंपणापलीकडे पाहायचंय. प्लँटेशनला लागूनच अमेरिकन बीच नावाची वस्ती आहे. फ्लोरिडात समुद्रकिनारेसुद्धा वर्णभेदाने वाटलेले होते तेव्हा, १९३५ साली, जॅक्सनविलच्या आफ्रो-अमेरिकन लाइफ इन्शुरन्स कंपनीचे प्रमुख अब्राहम लिंकन लुईस यांनी कृष्णवर्णीयांना हक्काचा किनारा असावा म्हणून ती वसवली. तिचे भरभराटीचे दिवस संपले ते १९६४च्या आसपास. त्या वर्षीच्या चक्रीवादळाने घरं मोडली, आणि त्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्याने सगळेच किनारे खुले झाले, त्यामुळे लोक इतरत्र जाऊ लागले. मग शेजारी ही वसाहत आली, आणि नाव काय घेतलं, तर ‘प्लँटेशन’! गुलामांच्या मळ्याचा हा शब्द हिरवळीच्या जाहिरातीत किती सहज बसतो पाहा. लुईस यांची पणती माव्हीन बेच युरोपात ऑपेरा गायिलेली. तिने आपली संपत्ती पर्यावरणाच्या कामांना देऊन टाकली आणि उरलेलं आयुष्य हा किनारा वाचवण्यात घालवलं. तिथल्या साठेक फुटी वाळूच्या टेकडीसाठी ती वर्षानुवर्षं भांडली. अखेर २००४ साली प्लँटेशननेच ती टेकडी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या हवाली केली. बेच पुढच्या वर्षी वारली. गॅरिसन १९८५ला जिंकली, व्हीनस विल्यम्स २००२ला जिंकली, ती या कुंपणाच्या अलीकडे. टेनिसच्या इतिहासात हे शेजारपण नोंदलेलं दिसत नाही. नोंदलं जावं असं आम्हाला वाटतं, कारण त्या बेटावर ‘ही जागा कोणाची’ हा प्रश्न स्पर्धेच्या आधीपासून होता.

आता ‘दुसरी श्रेणी’ या शब्दाकडे येऊ. १९९० पासून महिलांच्या स्पर्धांना टियर वन, टियर टू अशा पायऱ्या लागल्या. हिल्टन हेडला पहिली पायरी मिळाली, अमेलिया आयलंडला दुसरी. मराठीत आपण पटकन ‘दुय्यम’ म्हणतो, आणि त्या शब्दात एक हिणकस वास आहे. पण दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं तुमचं खरेदीखत काही दुय्यम दर्जाचं ठरत नाही! (हशा) श्रेणी ही बक्षिसाची रक्कम आणि क्रमवारीचे गुण ठरवते. खेळाचा कस ती ठरवत नाही. २००८ साली टियर टू असलेल्या या स्पर्धेची एकूण बक्षिसं सहा लाख डॉलर होती. पहिल्या श्रेणीपेक्षा बरीच कमी, पण आघाडीची खेळाडू यायला पुरेशी. विजेत्यांची यादी वाचा : सेलेस दोनदा, डॅव्हनपोर्ट तीनदा, मोरेस्मो, व्हीनस. २००८ साली मारिया शारापोव्हाने मातीवरचं आपलं पहिलं विजेतेपद इथे घेतलं. पुढे तिने फ्रेंच ओपन दोनदा जिंकली. मातीवर तिचे पाय पहिल्यांदा ठरले ते इथे, असं म्हणायला हरकत नाही.

म्हणजे शेवटच्या वर्षापर्यंत खेळ उत्तम होता. मग मोडलं कुठे?

२००९ साली डब्ल्यूटीएने पायऱ्यांची रचनाच बदलली. चारऐवजी मुख्यतः दोन कप्पे झाले : वर ‘प्रीमियर’, खाली ‘इंटरनॅशनल’. उद्देश वाईट नव्हता. खेळाडू थकत होत्या, दुखापती वाढत होत्या, मोसम लांबत चालला होता, तो आटोपशीर करायचा होता. पण चारचे दोन केले की मधल्या पायरीवर उभ्या असलेल्यांचं काय होतं? कोणी वर चढतं, कोणी खाली घसरतं. उभं राहायला मधे जागा उरत नाही. चार्ल्स्टनची स्पर्धा, म्हणजे जुनी हिल्टन हेडची, प्रीमियर झाली, दहा लाख डॉलरची. आपली स्पर्धा इंटरनॅशनल झाली. बक्षिसं सहा लाखांवरून दोन लाख वीस हजारांवर आली. विजेतीला गुण २८०, प्रीमियरमध्ये ४७०. शिवाय पहिल्या दहांतल्या खेळाडूंनी इंटरनॅशनल स्पर्धा वर्षात मोजक्याच खेळाव्यात असा नियम. ज्या स्पर्धेची सगळी प्रतिष्ठा ‘इथे पहिल्या दहांतल्या येतात’ यावर उभी होती, तिच्यासाठी हा नियम काय असेल ते सांगायला नको.

त्याच वर्षी जागा सुटली. स्पर्धा बेटावरून निघून जॅक्सनविलच्या दुसऱ्या बाजूला, दक्षिणेकडे, पाँटे व्हेड्रा बीचच्या सॉग्रास कंट्री क्लबमध्ये गेली. बॉश अँड लॉम्ब गेली होती, तिच्या जागी एमपीएस ग्रुप ही जॅक्सनविलचीच मनुष्यबळ पुरवणारी कंपनी आली. नोव्हेंबर २००९ मध्ये प्लँटेशनने दिवाळखोरीचा अर्ज केला. आर्थिक मंदीत सुट्टीची घरं कोण घेणार? २०१०च्या जानेवारीत एमपीएस ग्रुप स्वित्झर्लंडच्या अडेको कंपनीने विकत घेतला. वाडा गेला, आणि नवीन देणगीदारही स्वतःचा राहिला नाही.

इथे आपल्याकडच्या वाचकांसाठी एक नोंद. २००९ साली पाँटे व्हेड्राला महिला दुहेरी जिंकली ती सानिया मिर्झाने, तैवानच्या च्वांग चिया-जुंगबरोबर, क्वेटा पेश्के आणि लिसा रेमंड या कसलेल्या जोडीला सुपर टायब्रेकमध्ये हरवून. त्याच जानेवारीत तिने भूपतीबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली होती, त्यामुळे हे विजेतेपद झाकलं गेलं. मुरजानींच्या जीन्सपासून सुरू झालेला धागा असा सानियापाशी येतो. योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका.

पण प्रश्न विचारा : सानियाने जिंकली ती स्पर्धा कोणती? नागसेनाने मिलिंद राजाला रथाबद्दल विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का. तेच इथे विचारता येतं. नाव म्हणजे स्पर्धा का? नाव चार-पाच वेळा बदललं, कोणाचं काही बिघडलं नाही. प्रायोजक? तेही बदलले. बदलताना इतर गोष्टी जागेवर होत्या म्हणून ओळख टिकली. बेट, एप्रिलचा तो आठवडा आणि श्रेणी, या तीन दोऱ्यांवर स्पर्धा तोलली होती. त्यातल्या दोन एकाच वर्षी तुटल्या. आमचं मत असं, की २००८च्या एप्रिलमध्ये शारापोव्हा जिंकली तिथे ती स्पर्धा संपली, आणि पुढची दोन वर्षं तिच्या आठवड्यात, तिच्या मातीवर दुसरी एक स्पर्धा झाली. नोंदवह्या दोन्ही एकत्र धरतात. धरोत. ज्यांना हे पटत नाही त्यांनी प्रश्नोत्तरात जरूर भांडावं.

आता कोणी म्हणेल, हिल्टन हेडनेही जागा बदललीच की. बदलली. २००१ साली ती स्पर्धा चार्ल्स्टनच्या डॅनियल आयलंडवर गेली. पण ती गेली ती वसाहतीतून शहरात. चार्ल्स्टन महापालिकेने तिच्यासाठी स्टेडियम बांधलं. फॅमिली सर्कल मासिकाचं नाव तर १९७३ पासून २०१५ पर्यंत तिच्याबरोबर राहिलं. तिला गाव मिळालं. वाड्यातून निघालेला फड गावच्या मैदानात गेला की लोक त्याला आपला म्हणायला लागतात, त्याच्यासाठी पालिकेत भांडायलाही माणसं असतात. आपली स्पर्धा एका क्लबच्या आवारातून दुसऱ्या क्लबच्या आवारात गेली. सॉग्रासला तिच्यासाठी बांधलेलं काही नव्हतं, आणि जॅक्सनविल शहराने तिला कधी दत्तक घेतलं नाही.

पाँटे व्हेड्राची दोन्ही वर्षं डेन्मार्कच्या कॅरोलिन वॉझ्नियाकीने जिंकली. २०१०ला आली तेव्हा ती जगात दुसऱ्या क्रमांकावर होती, म्हणजे खालच्या कप्प्यातल्या स्पर्धेला अजूनही मोठी खेळाडू मिळाली होती. तो अंतिम सामना ११ एप्रिलला संपला. २०११च्या वेळापत्रकात पाँटे व्हेड्राचं नाव नव्हतं. चार्ल्स्टनची स्पर्धा एक आठवडा अलीकडे सरकून त्या मोकळ्या आठवड्यात आली. १० एप्रिल २०११ रोजी, त्याच हिरव्या मातीवर, तीही वॉझ्नियाकीनेच जिंकली.